महाराज हाकेला वळतात

४ जून
खुर्चीचा खरा हिशेब, फक्त माझ्यापुरता. जुन्या फर्निचरचा दुकानदार तीन हजार म्हणाला, घासाघीस करून अठराशेत आणली. टेम्पो तीनशे. केंद्राच्या जिन्यात भिंतीचा पोपडा निघाला, घरमालक पाचशे कापणार. सीट खचलेली म्हणून उशी. उशी चुकीची निघाली म्हणून कमरेचा पट्टा. सौ.चा दोन दिवस अबोला, तो फुकट. नवी कोरी खुर्ची याहून स्वस्त पडली असती. पुढे झुकलं की करकरते. असो. बिहेवियर अ‍ॅनालिस्टची, म्हणजे मुलांच्या वागण्यावर उपचार करणाऱ्याची, खुर्ची भारदस्त हवी.

१० जून
नवी केस. मुलगा, साडेपाच वर्षांचा, ऑटिझम. चालण्याचा थाट असा की मी त्याला 'महाराज' म्हणायचं ठरवलं. बोलत नाहीत, हाकेला वळत नाहीत. गेल्या महिन्यात फाटकातून निसटून थेट हमरस्त्यावर. आई मागून जीव तोडून ओरडतेय आणि हे आपले पांढऱ्या पट्ट्यावरून फेरफटका मारताहेत.

आई म्हणाली, "सर, नाही बोलला तरी चालेल. लिहिता नाही आलं तरी चालेल. मी हाक मारली की वळून बघू दे. एवढंच."

म्हटलं, "एवढंच ना ताई? तीन महिने द्या."

सौ. म्हणते, कुकर विकत होतात तेव्हाही वॉरंटी अशीच ठोकून द्यायचात.

११ जून
पद्धत ठरली. महाराज खाली ठोकळे मांडत पाठमोरे. मी खुर्चीत. पुढे झुकून नावाने हाक मारायची, वळले की ताबडतोब साबणाचे फुगे. मदतनीस बाई बरोबर-चूक लिहिणार.
आज सगळं चूक. पहिलाच दिवस आहे.

२ जुलै
वळले!!
योगायोग नाही. पुन्हा वळले. सतरा वर्षं दारोदार कुकर विकले, रात्री अभ्यास करून इथवर आलो. आतून कडी काढण्याच्या आवाजावरून कळायचं, बाई घेणार की दार आपटणार. असा कान लाखात एकाला असतो. आवाजही तसाच. माझ्या आवाजात काहीतरी आहे, हे मी सौ.ला पूर्वीपासून सांगत आलोय.

२३ जुलै
दहापैकी नऊ. पुन्हा लिहितो, कारण बरं वाटतं: दहापैकी नऊ.
आणि जीव किती लावलाय! आत आले की आईचा हात सोडतात आणि थेट माझ्याकडे येतात. खुर्चीच्या हातावर गाल टेकून उभे राहतात. म्हणजे जवळजवळ माझ्याच हातावर.
आई दारातून बघत होती. तिचे डोळे भरून आले. मलाही जरा सर्दी होती.
"मी मारून बघू का हाक?" तिने विचारलं. मी नको म्हणायच्या आत मारलीसुद्धा. नाही वळले. दुसऱ्यांदा मारली, आवाज चिरकला. नाहीच. मी समजावलं, "ताई, तुमचा आवाज फार हळवा आहे. पोटातून काढा." आवाजाचे व्यायाम लिहून दिले. बिचारीने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

५ ऑगस्ट
शनिवारी शाळेच्या मुख्याध्यापिका येणार. महाराजांना घ्यायचं की नाही ते ठरवायला. अट एकच: हाकेला वळायला हवा, कारण त्यांच्या मैदानाला फाटक नाही. आईला म्हटलं, गणवेश शिवायला टाका.
रात्री गेल्या महिन्यात, दहापैकी नऊच्या दिवशी, काढलेला व्हिडिओ लावून बसलो. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हे दर वेळी तुमच्या हाकेआधी काय करकरतंय?" म्हटलं, तंत्र ऐक, आवाज काय ऐकतेस! पण मुद्दा बरोबर होता. पाहुण्यांसमोर असलं शोभत नाही.

७ ऑगस्ट
फिटर आला. स्क्रू आवळले, तेल घातलं. आता खुर्ची मांजराच्या पावलांनी हलते.

८ ऑगस्ट
एकदाही नाही.
कारणं: (१) मुख्याध्यापिकांचं अत्तर. (२) महाराजांचे बूट नवे. (३) मदतनीस बाईंची शिंक.
मुख्याध्यापिका जाताना म्हणाल्या, "घाई नाही सर, पुढच्या वर्षी बघू." आई खाली बसून लेकाच्या बुटाची नाडी बांधत राहिली. ती सुटली नव्हती.

१४ ऑगस्ट
अजून शून्य. घरी लाड होत असणार. शिवाय माझा घसा बसलाय, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू. उद्यापासून थंड पाणी बंद.
सौ. ताट झाकून झोपायला निघाली होती. म्हणाली, "जेवायला चार हाका मारल्या. लाखात एक कान ना तुमचा?" मी कामात होतो, ती गोष्ट वेगळी.

१९ ऑगस्ट
आजच्या अक्षराला माफी.
सुट्टी झाल्यावर त्या दोघांना सोडायला खाली उतरलो. आई पर्समध्ये किल्ली शोधत होती. महाराजांनी हात सोडवला आणि रस्त्यावर. मी हाक मारली. पोटातून. मग पुन्हा. समोरच्या गॅलरीतली माणसं वळली. महाराज नाही. बेकरीची व्हॅन आली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. कर्रर्र! महाराज जागच्या जागी थांबले, गर्रकन वळले. तोंडभर हसू. वर हवेत बघत होते. फुगे शोधत होते.
मध्ये वीतभर अंतर उरलं होतं.
ड्रायव्हरने माझा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आईने लेकाला उचललं. म्हणाली, "सर, ब्रेकचा आवाज तुमच्या खुर्चीसारखा आला."
म्हटलं, घाबरलं की असे भास होतात.
नोंद: वळले हे खरं. कशाला, ते अस्पष्ट.

२० ऑगस्ट
सौ. झोपल्यावर तोच व्हिडिओ लावला. चित्रावर वर्तमानपत्र धरलं. फक्त ऐकलं.
कर्र. मग मी. कर्र. मग मी.
वर्तमानपत्र काढलं. महाराजांची मान कर्रवरच वळते. नाव मागून येतं.
दहातली ती एक चुकलेली हाक शोधून काढली. त्या वेळी मी उभा होतो.

२३ ऑगस्ट
आईला सांगितलं. आधी विज्ञानाच्या भाषेत, मग सरळ.
तिने खाली पडलेले ठोकळे गोळा केले. मग म्हणाली, "म्हणजे नाव त्याच्या कानावर गेलंच नाही."
"नव्याने सुरू करू ताई. या वेळी तुमचाच आवाज. माझी फी नको."
"करू." मग म्हणाली, "सर, खुर्चीचं तेल निघेल का?"
म्हटलं, "कशाला?"
"मला द्या ती. मी बसेन तिच्यात. खुर्चीकडे बघेल ना तो? मग मी दिसेनच की त्याला."
हे शास्त्रात बसत नाही, असं सांगणार होतो. त्याऐवजी फिटरचा नंबर लावला.

२५ ऑगस्ट
फिटर आला. तेल पुसून स्क्रू सैल करायला सांगितलं. म्हणाला, "साहेब, लोक उलटं सांगतात." खुर्ची टेम्पोत चढवली. भाडं मी दिलं.
संध्याकाळी आईचा फोन. "वळला सर. सारखा वळतो." मागे कर्र कर्र चालू होतं. ती रडत होती की हसत, कळलं नाही. माझ्या कानाबद्दल पुढे काही लिहिणार नाही.

२७ ऑगस्ट
केंद्रात प्लास्टिकची खुर्ची आणली. आवाज करत नाही. मी भिंतीला टेकून वाट बघत उभा होतो. महाराज आले, आईचा हात सोडला, माझ्या शेजारून गेले आणि जुनी खुर्ची असायची त्या रिकाम्या जागी जाऊन उभे राहिले.