दोनदा पडलेलं मीठ

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी वरणातल्या मिठाबद्दल बोलायला बसलो आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा, शाळेतून चिडून आलेला. तू चुलीपुढे एक पाय लांब करून बसली आहेस, कमरेशी फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, कारण सकाळपासून हाडं दुखत आहेत. पहिल्याच घासाला मी थुंकलो. मीठ दोनदा पडलं होतं, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी ताट भिरकावलं, भात भिंतीला चिकटला. "येडी आहेस का तू? सारी शाळा म्हणते, याची माय येडी आहे!" तू म्हणालीस, "काऊन ओरडून राहिला बापा? टाकलं का नाही, यादच नाही राहिली. तू दूधभात खा." आणि ते वरण पाणी घालून तूच खाल्लंस. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तू गेलीस. तुला सिकलसेल आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तो रक्ताचा आजार, हाडं दुखवणारा, तिशीतच म्हातारीसारखं लंगडायला लावणारा, एवढंच. तुला तिसरीत शाळेतून काढलं ते डोक्यात काही शिरत नाही म्हणून, आणि त्याचा आजाराशी काही संबंध नाही, असंच सगळे धरून चालले होते. मीही.

ताईच्या लग्नात कोणी रक्त तपासलं नाही. तुला आजार होता म्हणजे आम्ही दोघं भावंडं वाहक असणारच, आम्हाला त्रास नाही, पण आजार पुढे जाऊ शकतो. भाऊजीही वाहक निघाले, दोन्हीकडून मिळून भाचीला आजारच आला, आणि हे कळलं ते ती सतत आजारी पडायला लागल्यावर. ती आता नऊ वर्षांची आहे. तिच्या गुरुजींनी तिला ढ ठरवलं, तेव्हा मी दवनीवाड्याला तिच्या शाळेत जाऊन त्यांची कॉलर धरणार होतो. ताईने अडवलं. "भांडण करायले नको जाऊ. मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर सरकारी दवाखान्यात येऊन राहिले, सिकलसेलवाल्यांचा अभ्यास करायले. तिले तिथं घेऊन जा. कॉलेज सोडून रिकामाच तर फिरून राहिला तू."

गेल्या महिन्यात नेलं तिला. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे रांगेत होते. सरळ रेषेवर चालायचं, ताकद मोजणाऱ्या यंत्राची मूठ जोर लावून दाबायची, रंगीत ठोकळे चित्रासारखे लावायचे. मग डॉक्टर मॅडम आकडे सांगत होत्या आणि पोरीने ते उलटे म्हणायचे. ती तिसऱ्या आकड्याला अडकली. मी मागून ओरडलो, "अगे, आत्ताच तर सांगितलं! ध्यान कुठं आहे तुझं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. ती तुम्हाला घाबरून चुकली, तर मी काय मोजायचं?"

नंतर त्यांनी मला आत बोलावून समजावलं. या आजारात कधी कधी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हातपाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडं होत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. माणूस विसरतो, मागे पडतो, आणि लोक त्याला ढ म्हणतात. कोणाला होतं, कोणत्या वयात होतं, तेच शोधायला त्या आल्या होत्या. मी विचारलं, "आणि वरणात दोनदा मीठ टाकणाऱ्या बाईला?" त्यांनी पेन खाली ठेवला. "असू शकतं. पण तुमच्या आईचं मी सांगू शकत नाही. तेव्हा कोणी तपासलंच नाही ना." त्या क्षणी त्या खोटं बोलल्या असत्या तरी मला चाललं असतं, माय.

परतताना मोटरसायकलवर मागून भाची म्हणाली, "मामा, मी नापास झाली का?" मी म्हटलं, इथं कोणी नापास नाही होत. तर म्हणते, "मग तू कायले ओरडला?" पुढे गावापर्यंत मी गाडीच चालवत राहिलो.

आता मला आवडणारी एक पोरगी आहे, माय. तिला छेडणाऱ्याचा मी दात पाडला, प्राचार्यांनी माफी माग म्हटल्यावर ओळखपत्र टेबलावर फेकून कॉलेजच सोडलं. ती मला मूर्ख म्हणते आणि रोज संध्याकाळी फोन करते. तो वाजेपर्यंत माझ्या घशाखाली चहासुद्धा उतरत नाही. तुझी आई कशाने गेली, असं तिने मागे विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, तापाने. ती सोडून जाईल म्हणून. पण ताईच्या घरी जे झालं ते मी रोज बघतो. दवाखान्यातून आल्यावर फोनवर तिला खरं सांगितलं, तूही रक्त तपास म्हटलं. ती म्हणाली, "इतके दिवस ताप ताप करत होतास? रिपोर्ट येऊ दे, मग भांडते तुझ्याशी." रिपोर्ट अजून आलेला नाही. तीही वाहक निघाली तर काय करायचं, मला माहीत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुझ्या सिकलसेलच्या कार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट आहे ना, त्यात घडी करून ठेवतो. त्या संध्याकाळी फोन ठेवण्याआधी तिने विचारलं होतं, "कशी होती रे तुझी आई?" मी म्हटलं, वरण फार छान करायची. आजाराचं सगळं सांगितलं मी तिला, माय. ताटाचं नाही सांगितलं.