जर्नलातल्या नदीतला मासा

बाई, आज बंधाऱ्यापाशी पुन्हा मासे मरून वर आलेत. लोक पुलावर गाड्या थांबवून फोटो काढत होते आणि एक जण बुट्टी भरून मासे नेत होता. "पावणं, खाताय काय हे?" मी विचारलं. "खात न्हाय, इकतोय की," तो म्हणाला. तुम्ही असतात तर हळहळायच्या आधी त्याच्याकडून एक मासा मागून घेतला असता. म्हणून मीही एक चिलापी घेतली आणि पिशवीतून राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आणली. ती आता ओट्यावर ताटलीत आहे आणि बायको सगळ्या खिडक्या उघडून तिच्या बहिणीशी फोनवर माझ्याबद्दल बोलतेय.

तुमची कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. फॉर्मालिनचा वास, मेण ओतलेले ट्रे, आणि शिपाईमामा, जे बादलीतून नदीतले मासे आणायचे आणि आमच्यापेक्षा सफाईने त्यांची पोटं उघडायचे. त्या दिवशी माशाची पचनसंस्था काढायची होती. मी ती सिनियरच्या जर्नलातून आधीच उतरवून आणलेली: आतड्याच्या आतल्या घड्या झालरीसारख्या, बारा बाण, बारा नावं. समोर मासा पडलाय आणि मी चित्राला शेडिंग करतोय. तुम्ही मागे येऊन उभ्या राहता, माझ्या माशाचं आतडं उभं चिरता आणि तुमचं भिंग माझ्या हातात देता. घड्या जागोजागी झिजून सपाट झालेल्या, मध्ये लाल सूज, वर बुळबुळीत थर. "खातो हा, पण अंगी लागत नाही याच्या," तुम्ही म्हणालात. "पाण्यात जे सोडतात ते याच्या पोटात जातं. जी झालर अन्न शोषते तीच झडते, आतले उपयोगी जिवाणूही कमी होतात. मासा तरंगायच्या कितीतरी आधी आजारी असतो. तेव्हा पुलावर कोणी येत नाही." मग माझ्या चित्रावर बोट ठेवलंत. "हा कुठे राहतो?" "नदीत, बाई." "कुठल्या?" मामांना राहवलं नाही. "जर्नलातल्या नदीत की, बाई. लई स्वच्छ हाय." वर्ग हसला, तुम्ही नाही. लाल पेनाने पानावर दोनच शब्द लिहिलेत, 'पाहून काढा', आणि भिंग परत न घेताच पुढच्या टेबलाकडे गेलात.

प्राणिशास्त्र सुटलं, भिंग राहिलं. हल्ली गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला उपयोगी पडतं. मी विनोदी लेखक झालो. मासे मेले की माझा लेख ठरलेला: पाण्याचा नमुना घेणारे साहेब, त्यांच्या नाकावरचा रुमाल, सीलबंद बाटली, आणि शेवटी माशांनी सामुदायिक आत्महत्या केल्याचा चौकशी समितीचा निष्कर्ष. लोक फोन करून हसतात. पहिला लेख आला तेव्हा तुम्हीही अंथरुणावरून फोन केला होता. "छान लिहिलंस. मासा कुठला होता?" मी म्हणालो, "बाई, विनोदी लेखाला मासा कशाला लागतो?" तुम्ही जेवलास का म्हणून विचारलंत. ते आपलं शेवटचं बोलणं, आणि तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मघाशी मासा उघडला. चीर सरळ गेली, मामांची कृपा. भिंग लावून झालर शोधली. त्या दिवशी ती निदान जागोजागी तरी होती; आज आतड्याची भिंत भिजल्या कागदासारखी, आणि आत कसलासा निळा धागा, प्लास्टिकच्या पोत्याचा असावा. बघता बघता लक्षात आलं, माझ्या इतक्या वर्षांच्या लेखांत साहेब आहेत, रुमाल आहे, बाटली आहे, माझी हुशारी तर ओळीओळीत आहे. मासा फक्त मरण्यापुरता येतो.

एक सांगायचं राहिलं. यंदाचा लेख मी सकाळीच, नदीवर जायच्या आधी, पाठवून दिलाय. गेल्या वर्षीचाच आहे. साहेबांची बदली झाली, तेवढं दुरुस्त केलं. पान चार वाजता छपाईला जातं, आता साडेतीन वाजलेत. संपादकांना फोन केला तर ते ओरडतील, पण लेख थांबवतील. मोबाइल हाताशी आहे, आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण 'मासा कुठला होता?' विचारायला तुमचा फोन येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.