दिवेलागणीच्या आत

स्टॉकहोम
शनिवार, ९ जानेवारी २०१०

प्रिय अक्षता,

जयभीम. ऑफिसच्या पत्त्यावर आलेल्या पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग हसशील, की रोज मेल टाकणाऱ्या दादाला एकदम कुरिअरची हौस कुठून आली. हसून घे. पण हे पत्र आईसमोर वाचू नकोस आणि संध्याकाळी निवांत वाचू म्हणून बाजूलाही ठेवू नकोस. मी घाबरलोय. फोनवर हे तोंडातून निघालं नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर होईल. थोडा माझ्यासाठी घाबरलोय आणि पुष्कळसा तुझ्यासाठी.

इथे आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. उजेड नुकता कुठे आलाय आणि तीन वाजले की जाणार, सरकारी कचेरीतल्या साहेबासारखा. मी जूनमध्ये आलो तेव्हा रात्री दहालाही ऊन असायचं. तेव्हा मी तुम्हाला फुशारकीने फोटो पाठवत होतो आणि आई विचारत होती की मग तिथली माणसं झोपतात कधी. आता त्याची वसुली चालू आहे. सकाळी अंधारात ऑफिसला जायचं, अंधारातच परत यायचं. खाली रस्त्यावर बर्फ, बर्फाखाली गुळगुळीत काच. डब्यात वरणभात असतो, तो दुपारी मायक्रोवेव्हमध्ये तापवला की अख्ख्या मजल्यावर हिंगाचा वास सुटतो आणि सगळे माझ्याकडे बघून प्रेमाने हसतात. एकूण बरं चाललंय, असं मी दर रविवारी सांगतो. त्यात खोटं फारसं नव्हतं, फक्त अपुरं होतं. बसस्टॉप घरापासून तीनशे बारा पावलांवर आहे हे तुला मी सांगितलं नव्हतं. मी ती पावलं का मोजतो, हेही नाही. नोव्हेंबरमध्ये मी एका बाबागाडीवर जाऊन आदळलो. बाळ रडलं, त्याची आई काहीतरी बोलली, मी दहा वेळा सॉरी म्हणालो. डिसेंबरमध्ये दोनदा पडलो. पण बर्फावर इथे सगळेच पडतात, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आता ऑफिसचं. आईने सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय की प्रज्ञेश ‘टेस्टिंग’मध्ये आहे, आणि निम्म्या लोकांना वाटतं मी रक्त तपासतो. पगार घेऊन दिवसभर व्हिडिओ गेम खेळतो हे तिला सांगायची लाज वाटते. खेळणं कसलं, एकच दरवाजा दोनशे वेळा उघडून बघायचा आणि एकशे नव्वदाव्या वेळी तो अडकला तर तसं लिहून ठेवायचं. सध्याचा गेम हिवाळ्याचा आहे. बर्फातल्या जंगलात एक बाई एकटी राहते. दिवसा लाकडं गोळा करायची आणि झोपडीतली आग विझायच्या आत परतायचं. एवढंच, पण सुंदर केलंय. बर्फावर चालण्याचा आवाज बटाट्याच्या पिठाची पिशवी दाबून काढलाय, खरा बर्फसुद्धा इतका खरा वाजत नाही. गेममधला दिवस मला फार आवडतो. निळसर ऊन, झाडांच्या लांब सावल्या, लांबवर धुराची एक रेघ. मग अंधार पडतो, बाईच्या हातात कंदील येतो, आणि लांडगा येतो.

लांडगा मला प्रत्येक वेळी खायचा. बाकीचे सांगायचे की रात्र भारी झालीय, कोपऱ्यातून तो हळूहळू जवळ येताना बघून अंगावर काटा येतो. मला काटाबिटा काही येत नव्हता. मला लांडगा थेट अंगावरच दिसायचा. शेवटी मी तक्रार नोंदवली: लांडगा एकदम समोर प्रकट होतो, कुठून आला ते कळत नाही. तक्रार परत आली, असं काही आढळलं नाही म्हणून. मी पुन्हा नोंदवली. पुन्हा परत. तिसऱ्यांदा श्रीधर माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. श्रीधर म्हणजे आमच्या टीममधला दुसरा मराठी माणूस, कसबा पेठेतला, म्हणजे बोलणं कसं असेल ते तुला कळलंच. तो म्हणाला, “अरे, दहा सेकंद चालत येतोय तो. आता काय त्याने हॉर्न वाजवत यायचं का?” मी हसलो आणि म्हणालो, दाखव. त्याने गेम थांबवला आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी समोरच्या बाईकडे बघत होतो आणि मला लांडगा तर नाहीच, श्रीधरचं बोटही दिसलं नाही. मान वळवली तेव्हा दिसलं. हे मी त्याला सांगितलं आणि कसब्यातल्या माणसाने एकही टोमणा न मारता गेम बंद केला.

त्यानेच मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका पांढऱ्या कढईसारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मनात म्हटलं, हा तर आपला धंदाच आहे. बटण धरून बसलो. बराच वेळ काही होईना, म्हणून मी तपासणाऱ्या बाईंना विचारलं की सुरू कधी करणार. त्या म्हणाल्या, निम्मं झालंय. मग डॉक्टरांनी मला कागद दाखवला. मध्ये एक पांढरं वर्तुळ, रुपयाएवढं, आणि भोवती सगळं काळं. नाव आहे रेटिनायटिस पिग्मेंटोसा. पाठ करू नकोस, पाकिटात चिठ्ठीवर वेगळं लिहून ठेवलंय. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडा मिटत जातात, सावकाश, वर्षानुवर्षं. समोरचं मात्र स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. औषध नाही. पुण्यात रस्त्यावर दुकानांचे दिवे, गाड्यांचे दिवे, शिवाय आपल्याला लहानपणापासून अंधारात बाहेर पडायची सवयच नाही, म्हणून माझं इतकी वर्षं निभावलं. इथल्या हिवाळ्याने उघडं पाडलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी नाही म्हणालो. जिना उतरताना कठडा घट्ट धरला आणि तिथेच मला बाबा दिसले, क्वार्टर्सचा जिना उतरताना कठड्यावरून असाच हात सरकवत जाणारे.

आठव जरा. आपल्या घरात स्टूल वीतभर हललेलं चालायचं नाही. पाण्याचं पिंप, बाबांच्या चपला, आईचं शिलाई मशीन, सगळं जागच्या जागी. तू एकदा दप्तर दारात टाकलंस आणि ते त्यावरून पडले, तेव्हा केवढे ओरडले होते. दारूगोळ्याच्या माणसाचं घर आहे हे, वस्तू हलली की स्फोट होतो, म्हणायचे, आणि आपण मान डोलवायचो. क्वार्टर्समधल्या कुणाच्याही घरी अशी शिस्त नव्हती, सगळेच तर त्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, पण आपल्याला ते कधी खटकलं नाही. चार्जमनची बढती त्यांनी दोनदा नाकारली, रात्रपाळी येते म्हणून. आई महिनाभर अबोला धरून होती. कारखान्यात डोळे तपासायचे तेव्हा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून यायचे आणि आपल्याला फुशारकीने सांगायचे. खडकी बाजारातून आपल्याला टीव्हीवरचा गेम आणून दिला तेव्हा एकदाच रिमोट हातात घेतला. बाजूने रणगाडा आला आणि संपले. कुठून आला कळलंच नाही, म्हणाले, आणि आपण दोघं गादीवर लोळून हसलो. आणि सगळ्यात मोठा नियम, दिवेलागणीच्या आत घरात. तुला वाटायचं मुलगी म्हणून तुलाच. पण मलाही होता की. मी वीस वर्षांचा घोडा सहाच्या ठोक्याला घरी पळायचो आणि पोरं टिंगल करायची.

नव्व्याण्णव सालचा तो डिसेंबर आपण दोघांनी कधी बोलून दाखवला नाही. तुझी गॅदरिंगची तालीम लांबली होती. सात वाजले, बाबांनी चपला घातल्या आणि मला न सांगता तुला आणायला निघाले. कोपऱ्यावर कसल्याशा केबलसाठी चर खणला होता, सकाळी नव्हता. मी पोचलो तेव्हा लोक जमले होते. बाबा चरात पडलेले, कंबरेचं हाड मोडलेलं, आणि एकच वाक्य, कुठून आला कळलंच नाही. चराच्या काठावरून शेजारचा बापूराव म्हणाला, “जन्मभर दारूतच काम केलं पोपटरावांनी, एक दिवस चढायचीच.” लोक हसले. आणि मी, अक्षता, त्यांना उचलायला वाकलो तेव्हा त्यांच्या तोंडाचा वास घेतला. चहाचा वास होता आणि खोकल्याच्या गोळीचा. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाचं तोंड मी हुंगलं आणि त्यांना ते कळलं, कारण त्यांनी मान पलीकडे वळवली. नंतरचे तीन महिने ते खाटेवर होते आणि त्यांनी मला ना काही विचारलं ना सांगितलं. मार्चमध्ये गेले. मला वाटतं, दिसत नाही हे कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल आणि क्वार्टरही जाईल, या भीतीने ते गप्प राहायला शिकले ते शिकलेच. तू इतकी वर्षं समजून आहेस की ते तुला रागवायला निघाले होते. ते तुला शोधायला निघाले होते गं. स्वतःला दिसत नाही हे माहीत असून निघाले, कारण तुलाही दिसत नसेल अशी त्यांना भीती होती. माझ्याबद्दलही ती होती, म्हणूनच नियम दोघांना होता.

आता मी हे का लिहितोय ते. गेल्या रविवारी तू स्पीकरवर सगळ्यांना हसत हसत सांगितलंस की पाळणाघरातून अवनीला घेऊन येताना खडकी बाजाराच्या कोपऱ्यावर तू ॲक्टिव्हा पेरूच्या हातगाडीत घातलीस. माझी भाची पुढे उभी होती, तिला खरचटलंही नाही, उलट दोन पेरू मिळाले. सौरभ नवऱ्याच्या हक्काने तुझ्या ड्रायव्हिंगवर बोलला, आई हसली, मीही हसलो. मग तू म्हणालीस, खरंच सांगते दादा, गाडी कुठून आली कळलंच नाही. त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. डॉक्टरांना मी परत जाऊन बाबांचं सांगितलं. ते म्हणतात, हे बापाकडून आलेलं असेल तर दर मुलाला निम्मा धोका असतो. मला आलं म्हणजे तू सुटलीस असा हिशोब त्यात नसतो, मी दोनदा विचारलं. तुला नसेलही. हातगाडी खरंच अंधारात उभी असेल, दिवा नसेल, मी उगाच घाबरत असेन, आणि मग जन्मभर माझी टिंगल कर. पण चष्म्याच्या दुकानात जाऊन तक्ता वाचून येऊ नकोस. तक्ता बाबाही वाचायचे. चिठ्ठीवर लिहिलेली तपासणी मोठ्या दवाखान्यात करून घे, याच आठवड्यात, सौरभला बरोबर ने, त्याला सगळं सांग. अवनीचं नंतर बघू, आधी तुझं. आईला बाबांचं मी आल्यावर सांगेन, ते माझ्याकडेच राहू दे. आणि आज हडपसरहून निघताना गाडी ऑफिसातच ठेव, किल्ली खाली पहारेकऱ्याकडे दे आणि रिक्षा कर. अवनीला आजपासून सौरभ आणेल किंवा आई आणेल. तपासणी होईपर्यंत तरी दिवेलागणीच्या आत घरात ये. मी रागावून म्हणत नाही. बाबाही रागावून म्हणत नव्हते.

तुझाच,
दादा