मूळ पत्र कुठे आहे

मंगळवार, ता. ४

चि. खारूताईस आजीचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही, कारण या सगळ्याचं मूळ तू आहेस.

आधी आला तो आपल्या धाकट्या सुनेचा भाऊ. मी उशीची खोळ शिवत होते, दोरा दातात, आणि हा उंबऱ्यातूनच विचारतो की बंदर कुठलं, गाडी किती वाजता. मी म्हटलं, बाबा, आधी बूड टेक. तेवढ्यात मागून धाकटी. दिवसभर लाँड्रीत दुनियेच्या कपड्यांना इस्त्री करते आणि स्वतः बोळा होऊन हिंडते, पण आज कडक इस्त्रीत! माझ्या गळ्यातच पडली. मला वाटलं, कंपाउंडरशी लग्नाची तारीख निघाली. मी म्हटलं, बरं झालं बाई, नऊ वर्षं थांबलीस. तर म्हणते, थांबले म्हणूनच त्यांचं पत्र आलं.

आता नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील आजी वाट सोडून चालते. मी दोन यत्तांची बाई. लिहायला शिकले ती घरी आलेली पत्रं वहीत उतरवून. ती खोड अजून आहे, मनाजोगतं पत्र आलं की वहीत जातं. तुझी सगळी आहेत, ते दाढदुखीचंसुद्धा. हे घरात सगळ्यांना ठाऊक.

आणि मागच्या महिन्यात तूच लिहिलंस ना, की आजी गोष्ट लिही. सुरुवात कुठून करू विचारलं तर म्हणालीस, जिथं सलतं तिथून, आणि खोटंच लिही पण बारकावे नेमके दे. आता गोष्ट कशी लिहितात ते मला काय ठाऊक! मला पत्र तेवढं येतं. म्हणून मी तुझ्या धाकट्या काकाचं पत्र लिहिलं. नऊ वर्षांपूर्वी ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत ठेवून घराबाहेर पडला तो पडलाच. पाट्या रंगवायचा, म्हणून मी त्याला बंदरावर बोटींचे नंबर रंगवायला लावलं. धोब्याच्या वरची खोली दिली, खालच्या वाफेनं भिंतीला पोपडे. डाव्या अंगठ्याला चीर, ती भरत नाही. चहातली साखर सोडली. आणि शेवटी, धाकटी अजून माझा सदरा ठेवून आहे का, असं विचारायला लावलं. अगं, काय सांगू, लिहिताना हात थांबेना! तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखे शब्द नाचत होते.

काल धाकटी माझ्या गोळ्या द्यायला आली. मी नळावर. वही उघडी.

खरं सांगू? आधी माझी छातीच फुगली. मी लिहिलेलं वाचून कुणीतरी रडलं! मग ती म्हणाली की कंपाउंडरला कालच नाही म्हणून सांगितलं, कोर्टातला घटस्फोटाचा अर्जही मागे घेणार, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. चहा केला. मूळ पत्रावरचा पत्ता बघायला पुढच्या मंगळवारी येणार आहेत दोघं. मी काय करू ते उलट टपाली कळव.

तुझी वेडी म्हातारी, माया तशीच राहू दे,
आजी

शुक्रवार, ता. ७

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यात मुद्रितं तपासताना वाचलं आणि समोरच्या पानावरच्या चुका तशाच सोडल्या.

आजी, सांगून टाक. मंगळवारची वाट बघू नकोस, उद्याच लाँड्रीत जा. काकू चाळीशीची आहे. तो कंपाउंडर तिच्यासाठी तीन वर्षं थांबलाय, दुसरा असता तर केव्हाच निघून गेला असता. उशीर केलास तर ती पुन्हा काकाची वाट बघत खिडकीत बसेल आणि या वेळी उठणार नाही. नाही पटलं तर तिच्यासमोर दुसरी गोष्ट लिहून दाखव, म्हणजे कळेल की पहिलीही तुझीच.

मी सहा वर्षं लिहितेय. चार गोष्टी परत आल्या, पाचवीचं उत्तरसुद्धा नाही. माझं एक वाक्य कुणी खरं मानलं नाही आणि तू पहिल्याच फटक्यात बाईचं लग्न मोडलंस. हसावं की रडावं? पण यात माझा दोष आहे, ते मला कळतं. रजा मिळाली की येते.

गोळ्या चुकवू नकोस. लोभ धर, रागावलीस तरी धर.

तुझी,
खार

बुधवार, ता. १२

चि. खारूताईस आजीचे आशीर्वाद, धपाटा या खेपेला नाही.

पत्र सोमवारी मिळालं, म्हणून तुझा शनिवार हुकला. तशीच लाँड्रीत गेले, गुडघे कुरकुरत होते तरी. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून सगळं सांगितलं, की अगं बाई, ती गोष्ट आहे, मी रचली. धाकटी हसली! म्हणाली, सासूबाई, तुम्हाला साधी थाप मारता येत नाही, डब्यात साखर असताना शेजारणीला संपली म्हणताना तोंड लाल होतं तुमचं, तुम्ही कसली रचता. ते येऊ नका म्हणाले असतील, म्हणून तुम्ही लपवताय.

मंगळवारी दोघं आली. मग तुझ्या सांगण्याप्रमाणे त्यांच्यासमोर बसून गोष्ट लिहायला घेतली. एका शिंप्याची. तासभर घाम गाळला. शिंपी उठला, शिंपी बसला, शिंप्यानं कापड कापलं. पुढं त्याचं काय होतंय ते मलाच कळेना, आणि मला त्याचं काही वाटेना. धाकटीनं कागद घेतला, मोठ्यानं वाचला. भाऊ जांभई देत होता. मग तिनं तो कागद वहीतल्या पत्राशेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणाली की बघा, हे तुमचं, आणि ते त्यांचं. आंधळ्यालाही कळेल.

मी म्हटलं, माझ्या लेकाच्या गळ्याची शपथ. तर म्हणाली, शपथ घालून तरी त्यांना मारू नका.

कंपाउंडर आज येऊन गेला. दारातच उभा होता, गोळ्यांची नवी पुडी दिली, कुठली जेवणाआधी ते पुन्हा समजावलं. मी त्यालाही सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला, एकट्यानं. पण म्हणाला की तिनं ठेवायला हवा, माझ्या ठेवण्यानं काय होणार. बदलीचा अर्ज केलाय त्यानं.

आणि खार, तुला एकच सांगते, कुणाला सांगू नको. काल ती गेल्यावर मी ते पत्र पुन्हा वाचलं. अंगठ्याच्या चिरेपाशी आले आणि मलाही क्षणभर वाटलं, मूळ कुठं ठेवलं मी?

वही फाडायला घेतली होती. फाडवत नाही.

इथं कुणाचं काही बरं व्हायचं दिसत नाही, पण तू लिहीत राहा. आजीवरची माया आटू देऊ नको.

आजी

ता. क. धाकटीनं बॅग भरून ठेवलीय. मूळ पत्र आपणच शोधणार म्हणते, ट्रंकेपासून पिठाच्या डब्यापर्यंत. भाऊ रजा टाकणार आहे. शनिवारी सकाळी येतो म्हणालेत.