नऊची होडी

प्रिय ताई,

तुझ्या उनाड भावाचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. जहाजाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करतो, जेवण पोटभर मिळतं. कॉलेज सोडताना बाबांवर ओरडलो होतो, त्यांचा राग उतरला का?

आईला सांग, समुद्रात बुडी मारायचा बेत फिसकटला. ती सुटकेचा निःश्वास टाकेल.

तुला मात्र खरं सांगतो. इथे बुडी मारायला शिकवणारी एक मुलगी मला आवडते, आणि तिचा या बंदरातला आज शेवटचा दिवस. जहाजाच्या सहलीत न जाता मी परस्पर तिच्याच होडीत जागा ठरवली होती. पाण्यातून वर आलो की तिला लग्नाचं विचारणार होतो.

तिने नऊची वेळ दिली होती. मी पावणेनऊला हजर. पण इथली घड्याळं जहाजाच्या तासभर पुढे असतात, हे डोक्यातच आलं नाही. होडी गेलेली. धक्क्यावरच्या बुडीचं सामान देणाऱ्या दुकानदारावर खेकसलो, तर म्हणाला, "घड्याळाशी भांड की, माझ्याशी कशाला?" तिचा फोन दुकानातच वाजतोय. होडी परतेल तोवर आमचं जहाज सुटलेलं असेल.

माझ्या मापाचे, पोहताना पायात घालायचे रबरी पंख तिने बाजूला काढून ठेवले होते. वर चिठ्ठी, "झोपाळू, वाट बघून निघाले." ते मांडीवर घेऊन धक्क्यावर बसलोय.

आईला म्हणावं, तुझा मुलगा अगदी कोरडा आहे.

तुझाच,
धाकटा