मामा मागे राहिलेत

तुम्हाला त्या दिवशी तोंड उघडायची काय गरज होती? माणूस मुलगी बघायला आलाय, बशीतले पोहे सांडू नयेत म्हणून गुडघे जोडून बसलाय. त्याला नोकरी विचारायची, गाव विचारायचं, झालंच तर विडी ओढतो का ते विचारायचं. ते सोडून तुम्ही भिंतीवरच्या चित्राकडं बोट केलंत आणि म्हणालात, "पोरीला तिथं नेणार असशील तर देतो." हसण्यावारी बोललात. आई पदराआड हसली, शेजारची काकी दारात उभी राहून हसली. तो एकटा हसला नाही. बशी खाली ठेवून म्हणाला, "नेतो मामा. तुम्हालापण नेतो." तुम्ही बोलून मोकळे झालात, माझा मोठा रांगायला लागला तेव्हा मरूनही मोकळे झालात. निस्तरतेय मी.

बाबा, मी तुमची मधली. जिला तुम्ही चाबूक म्हणायचात ती. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, अक्षर अजून ओळ सोडून वर चढतं. चालवून घ्या. तुम्हाला आता कुठं पाळीवर जायचंय?

ते चित्र म्हणजे रंगाच्या व्यापाऱ्यानं मिलमध्ये वाटलेलं कॅलेंडर. वर्ष संपल्यावर आईनं खालच्या तारखा कापल्या, तुम्ही सुताला लावायची खळ डब्यातून आणलीत आणि मोरीवरच्या ओल आलेल्या भिंतीला ते चिकटवलंत. निळं तळं, मागं बर्फाचे डोंगर, काठाला लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, आणि एका कोपऱ्यात केसासारखा बारीक धबधबा. भिंतीची ओल चढत गेली तसं तळं फुगत गेलं. आम्ही पोरं म्हणायचो, पाणी वाढलं, आता घरं बुडणार. तुम्ही पाळी सुटून यायचात, भुवयांवर कापूस बसलेला, पेटीला पाठ टेकून चित्रासमोर बसायचात. खोकला आधी यायचा, शब्द मागून. "तिथली हवा बघ कशी असेल. एक घोट घेतला की आठवडाभर पुरेल." मी म्हणायची, "तिथं थंडीनं मराल." तुम्ही म्हणायचात, "हितं कशानं जगतोय?" आई आतून ओरडायची, भरल्या घरात मरणाच्या गोष्टी नकोत म्हणून.

तर सांगायचं म्हणजे, आम्ही जाऊन आलो. लग्नानंतर आम्हीही राहिलो त्या आपल्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे, त्यात आम्हाला वर जागा मिळाली. मोरी नाही, भिंतीला ओल नाही, आणि तुमचे जावई मात्र आतून ओले होत चाललेत. आधी चष्मा विसरायचे, मग औषध, मग घरचा मजला. एक दिवस डबा घेऊन मिलवर गेले. मिल कुठली? तिथं काचेची इमारत आहे. तिथल्या वॉचमनला म्हणाले, "सोड रे, भोंगा झाला." तो बिचारा भला, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलाला फोन लावला. डॉक्टरनं सांगितलं, आठवण आता उतरतच जाणार. घरी येऊन मुलगा म्हणाला, "आई, तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. बाबांना कळतंय तोवर कुठंतरी जाऊन या. कुठं जायचं?" मी म्हणणार होते, गावाला जाऊ. त्याआधी हे म्हणाले, "मामांच्या चित्रात." लेकाचं नाव घेताना अडखळणारा माणूस, पण ते बरोबर लक्षात.

स्वित्झर्लंड म्हणतात त्याला. बसभर आपलीच माणसं होती, दादरची, पार्ल्याची, दोन-तीन जोडपी कुडाळकडची. बरोबर आचारी, म्हणजे एवढ्या लांब जाऊन वरण-भातच. पुढं झेंडी धरून एक मुलगी चालायची, आम्ही बालवाडीसारखे तिच्या मागं. बघायला सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण सगळं कसं पाहुणे यायचे म्हणून आवरून ठेवल्यासारखं. एवढं मोठं तळं, काठावर एक बाई कपडे आपटताना दिसली नाही. गाईंच्या गळ्यात देवळात शोभतील अशा घंटा, गाय वळली की आरती सुरू. तारेवरच्या डब्यात बसवून आम्हाला वर बर्फात नेलं. बायका तो बर्फ गालाला लावून फोटो काढत होत्या. मी हातात घेऊन बघितला आणि म्हटलं, बाजारात कोळीण पापलेटावर टाकते तोच हा, नुसता वास नाही. झेंडीवाली एवढी हसली की तिची झेंडीच खाली पडली.

दुसऱ्या दिवशी बोटीनं एका गावात उतरलो आणि बाबा, समोर तुमची भिंत. तेच तळं, तशीच घरं, खिडक्यांत तीच लाल फुलं. धबधबा मात्र केसासारखा नाही, वरच्या कड्यावरून हजार कोळणींनी एकदम टोपल्या उपड्या केल्यासारखा. हे काठावर उभे राहिले. लालबागच्या रस्त्यात पन्नास वर्षं माझ्या चार पावलं पुढं चालणारा माणूस, त्यानं माझा हात धरला. म्हणाले, "हाच मां गो?" मी म्हटलं, "हाच." मोठा श्वास घेतला त्यांनी, छाती भरून, डोळे मिटून. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, बाईचा जन्म येवढ्यासाठी वाईट नाही. मग डोळे उघडून ते मागं वळले आणि बोटीकडं बघत म्हणाले, "मामा खंय रवले?"

मला वाटलं, मस्करी. म्हटलं, "कोण मामा?" तर माझ्यावरच चिडले. "कोण म्हणजे? तुझो बापूस! बोटीतून उतरले नाय काय? म्हातारो माणूस, छातीन अधू, एकटो खंय रवलो तो?" आणि निघाले परत धक्क्यावर. झेंडीवाली धावली, "आजोबा, काय राहिलं का बोटीत?" हे म्हणाले, "सासरे."

तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, ती समजली. "येतायत आजोबा, मागच्या बोटीनं येतायत." येवढ्यावर ते शांत झाले. मग सगळ्यांबरोबर धबधब्यापाशी गेलो. तिथं ह्यांनी पिशवीतल्या स्वेटरमधून नारळ काढला. शेंडीसकट. लाल फडक्यात बांधून घरून आणलेला, मला पत्ता नाही. विमानतळावर कसा सुटला ते त्या नारळालाच ठाऊक. झेंडीवाली घाबरली, "आजोबा, इथं काही फोडायचं नसतं, दंड घेतात." तर कुडाळचा एकजण म्हणाला, "अगो, एवढा मोठा पाणी, त्याका राखणदार नसतलो? नारळ दिल्याशिवाय वर चढायचा कसा?" ह्यांनी पायातले बूट काढले. त्या गार दगडावर मोज्यांनी उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

तुम्ही घालायचात ना, गणपतीत, चाळीच्या गॅलरीत. आवाज असा की खालच्या फाटकापर्यंत ऐकू जावा, त्या वेळी खोकला कुठं दडून बसायचा देव जाणे. दर मागण्याला अख्खा मजला म्हणायचा, "व्हय म्हाराजा." एका वर्षी तुम्ही मागितलंत, ह्या माळ्यावरच्या सगळ्या लेकींना चांगली घरं मिळू देत. सगळे म्हणाले, मी तोंड मिटून बसले. माझं लग्न मागताय, मी कशाला हो म्हणू? तुम्ही आरती झाल्यावर माझा कान धरलात. "एक तोंड गप राहिलं की गाऱ्हाणं वाटेत अडतं. मागणारा नुसता ओरडतो. देवाला ऐकू जातं ते 'व्हय'." कान दिवसभर तापला होता. पुढं तुमच्यामागं ते काम ह्यांच्याकडं आलं, तुमचा शब्दन् शब्द त्यांनी घेतला.

तेच ते, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून. "बा देवा म्हाराजा!" कुडाळवाले लगेच, "व्हय म्हाराजा!" मग दादर-पार्ल्याचेही सामील झाले. "ह्या डोंगराच्या धन्या, ह्या पाण्याच्या राखणदारा, आमी लेकरां दूरसून तुझ्या दारात इलंव, गोड मानून घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" एक अक्षर चुकलं नाही, एक मागणं पुढंमागं झालं नाही. मुलाचं, सुनेचं, नातवांचं सगळ्यांचं मागितलं, नावंसुद्धा घेतली. मी रडतेय की काय म्हणून माझी मलाच शरम वाटायला लागली. वाटलं, बरा झाला माझा माणूस. आणि शेवटी म्हणाले, "आणि म्हाराजा, आमचो मामा मागे रवलो हा. छातीन अधू आसा. तेका वाटेत सांभाळ, आणि हयसर सुखरूप आणून पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका तोंडानं. त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं, कुणी म्हातारा हॉटेलात झोपला असेल. मी 'व्हय' म्हटलं नाही. बाबा, माझं तोंडच उघडेना. तुम्हाला ज्या तिरडीवर बांधलं तिची गाठ मारताना मी बघितलीय. तुम्हाला सुखरूप आण, ह्याला मी हो कशी म्हणू?

नारळ फोडला. प्रसादाची शेरणी वाटली, तिथल्या एका गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्यानंही खोबरं घेतलं, चावून चावून दमली बिचारी. ह्यांनी मला तुकडा दिला आणि कानाशी येऊन हळूच म्हणाले, "गो, तू व्हय म्हटलंस नाय."

चाळीस-पन्नास माणसांच्या गलक्यात, धबधबा कानठळ्या बसवतोय त्यात, त्यांना माझं एकटीचं न बोललेलं ऐकू आलं. काल काय जेवलो ते आठवत नाही. हे आठवतं.

हॉटेलात गेल्यावर परत विचारलं, मामा आले? मी कंटाळले होते, पाय भरून आले होते, म्हटलं खरं ते खरं. "अहो, बाबा जाऊन जमाना झाला. तुम्हीच खांदा दिलात." मग असे रडले की तुम्ही खरे गेलात तेव्हाही तसे रडले नव्हते, तेव्हा तर ते बांबू आणायला धावत होते. उशीत तोंड घालून म्हणत राहिले, "माका कोणी सांगूक नाय. माका कोणीच सांगूक नाय." सकाळी नाश्त्याला चहाच्या दोन कपांबरोबर तिसरा भरून आणला आणि मोकळ्या खुर्चीसमोर ठेवला.

परत आल्यापासून रोज हेच चाललंय. गॅलरीत उभे राहून खाली फाटकाकडं बघतात. "मामा पोचले?" तुमच्या तसबिरीचा हार मी काढून ठेवला, तो बघितला की रडं सुरू होतं. खिळ्याला नुसते टांगलेले आहात, जिवंत माणसासारखे. मुलगा म्हणतो, "आई, हो म्हण ना एकदा, काय जातंय तुझं?" त्याला सांगून काय कळणार, काय जातं ते? मी येतायत म्हणते, निघालेत म्हणते, गाडी चुकली म्हणते. खरं बोलले की तुम्ही त्यांच्यापुढं नव्यानं मरता, खोटं बोलले की नव्यानं निघता. आणि दोन्हीकडं ते मान हलवून एकच बोलतात, "तू व्हय म्हटलंस नाय, म्हणून अडकले ते." नवरा माझं नाव विसरलाय बाबा. मागच्या आठवड्यात मला विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडच्या? पण त्या दगडावर जी गप्प राहिली ती मी, हे त्यांच्या लक्षात आहे. तेवढीच उरलेय मी त्यांच्यात.

हा कागद टपालात टाकायचा नाही, तसबिरीमागं खोचणार आहे. एक तेवढं सांगते, कुणाला बोलले नाही. त्या काठावर हे "मामा खंय रवले" म्हणाले ना, तेव्हा मस्करी समजायच्या आधी, पापणी लवेपर्यंतच, मीपण बोटीच्या दाराकडं वळून बघितलं. म्हटलं, खोकत असाल मागं कुठंतरी.

आता संध्याकाळ होतेय, ते गॅलरीत गेलेत. विचारतील. गाऱ्हाणं त्यांनी घातलं, नारळ त्यांनी फोडला, नेतो म्हणाले होते तसं नेलंन. चित्राकडं बोट तुमचं होतं. मी नाही बोलणार. आज "व्हय म्हाराजा" तुम्ही म्हणा.