वाफेचा आवाज

४ जून
डॉक्टरीणबाईंनी आज नवीनच काढलं — ध्यान! गोळ्या आहेतच, दर आठवड्याचं बोलणंही आहे, त्याच्या जोडीला हे. म्हटलं, "बाई, मी बॉयलर चालवणारा माणूस, साधू नव्हे." त्या म्हणाल्या, "साधू नकोच आहे. रात्री झोपणारा माणूस हवाय." बायकोने लगेच मान डोलावली. दोघींचं आधीच ठरलेलं दिसतंय.
कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा मी दाराशी होतो, म्हणून वाचलो. तेव्हापासून कुठे फुस्स झालं की मी टेबलाखाली.

९ जून
पहिलाच वर्ग आणि फजिती. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, तोंडाने सावकाश श्वास सोडा. अख्ख्या खोलीने एकदम सोडला — स्स्स! मी अनवाणी जिन्यापर्यंत. ताई मागून आल्या. हसल्या नाहीत. "तुम्ही नाकाने सोडा. डोळेही उघडेच राहू देत."

१७ जून
तासभर हललो नाही. ताईंनी विचारलं, काय जाणवलं? म्हटलं, "वरच्या पाइपात पाणी कमी दाबाने येतंय." ध्यानाच्या नावाखाली पहारा केला होता! त्या म्हणाल्या, "ऐका, पण तिथेच थांबा. पुढचा स्फोट आपण मनाने जोडायचा नाही."

२ जुलै
जमलं! रस्त्यात बसच्या ब्रेकची हवा सुटली. छाती धडधडली, पण पाय जागेवर. आवाज आला, आवाज गेला. घरी येऊन स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

२० ऑगस्ट
मेहुणा म्हणतो, "बरा झालास, आता गोळ्या सोड." मलाही पटत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह दोन कशाला असतात?" एक अडकला तर दुसरा हवा, म्हणून. गोळी घेतली.

२५ सप्टेंबर
नव्या बॉयलरची चाचणी. व्हॉल्व्हची दांडी मीच ओढली. वाफ किंचाळत सुटली. मी तिथेच उभा. डोळ्यांत पाणी आलं, येऊ दिलं. फोरमन म्हणाला, "सोमवारी पहिल्या पाळीला ये."
मला माझा अभिमान वाटतो. तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर
शेजारी कुकरची शिट्टी झाली. मी खुर्चीतून हललो नाही. बायको मात्र धावत आली आणि माझे कान दाबून उभी राहिली. म्हटलं, "अगं, मी बरा आहे." तिचे हात सुटेनात. शिट्टी थांबली तरी.
डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावायचा. या वेळी तिच्या नावाने.